अकरा दिवस आतल्या खोलीत

आखातात, अल खौदला आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. आतली खोली सासूबाई आल्या तर त्यांच्यासाठी, एरवी तिथे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मी जवळच्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये होते, नवरा गाला या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपचा सुपरवायझर. समाजसेवा करावी असं आमच्या कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

एकदा दुपारी ड्युटी संपवून येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या चाचांनी हाक मारली. चाचा रत्नागिरीकडचे. आम्ही मराठी बोलतो म्हणून त्यांचा आमच्यावर जीव.

"ताई, ही पोर शाळेच्या बसमधून उतरली ती इथंच बसलीय. घरी जायचं नाही म्हणते. मी तरी काय करू?"

तांदळाच्या गोण्यांमागे एक मुलगी युनिफॉर्ममध्ये बसली होती. अकरावीतली. मागच्याच बिल्डिंगमधली, मराठी मंडळाच्या गणपतीत पाहिलेली. मला पाहून उठली आणि तुटक मराठीत म्हणाली, "काकी, प्लीज, बाबांना फोन नका करू. ते मला खूप हिट करतात." बाही वर केली. दंडावर पट्ट्याचे वळ होते, काही जुने, काही कालचे.

खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. सकाळपासून पन्नासेक जणांचं रक्त काढलं होतं. तरी तिचं दप्तर उचललं आणि म्हटलं, "चल."

इस्त्रीचे कपडे मी सोफ्यावर टाकले. वरणभात खाऊन ती जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलीच नाही. ती झोपल्यावर लगेच मी तिच्या आईला फोन करून मुलगी आमच्याकडे असल्याचं सांगितलं. पलीकडून "राहू दे," एवढंच.

त्याच संध्याकाळी वडील आले. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज. मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते.

"मुलगी माझी आहे, वहिनी."

"आहेच. पण आज ती येणार नाही."

"तिचा व्हिसा माझ्या नावावर आहे. मी पोलिसांत गेलो तर तुमचंच अवघड होईल."

नवरा चहा पीत होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, "चला, मीच गाडी काढतो. तिच्या हातावर काय आहे तेही दाखवू त्यांना."

वडील तसेच जिना उतरून गेले. दार लावल्यावर नवरा तिथेच खुर्चीत बसला. "ते खरंच 'चला' म्हणाले असते तर?" मी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला. त्याचं रेसिडेन्स कार्ड त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

पुढचे दिवस नुसते फोनचे. शाळेला, मंडळातल्या लोकांना, दूतावासाला. शाळेने घरगुती मामला म्हटलं. मंडळातले एक काका म्हणाले, "थोडं तर सगळेच मारतात." मी क्लिनिकच्या जिन्यात उभी राहून तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायची, शेवटी शेवटी माझा आवाज मलाच रिपोर्ट वाचल्यासारखा वाटायला लागला. मुलगी घरात पाय न वाजवता वावरायची. भांडी घासून ठेवायची. "नको गं करूस," म्हटलं की दचकायची. त्या दचकण्याचाही मला कंटाळा यायला लागला होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

अखेर दूतावासातल्या एका वयस्कर बाईंनी आईवडिलांना समोर बसवलं. मीही होते. आई तासभर टेबलाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "चिपळूणला माझी बहीण आहे. हिला तिच्याकडे पाठवा, नाहीतर मी इथेच सगळं सांगते. माझंही." वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू खोलीत कुणी परकी बाई बोलली. आणि त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

अकराव्या दिवशी आईने पासपोर्ट आणि बॅग आणून दिली. मी विचारलं, "तुम्ही?"

"माझं बघू नंतर," ती म्हणाली.

वडिलांनी सगळ्यांना सांगितलं की मुलीला शिकायला इंडियात पाठवतोय. लोकांनी अभिनंदन केलं. मुलगी मावशीकडे बारावी झाली, पुढे फिजिओथेरपीला गेली. मराठी आता सुधारलंय. फोनवर हसते कधीकधी. आई अजून त्याच फ्लॅटमध्ये आहे. बाजारात भेटली की भाजीचे भाव बोलते आणि लगबगीने पुढे जाते.

मुलगी गेली त्याच्या पुढच्या वर्षी चाचांचा फोन आला. लांब खाबुरा गावात एका घरी कामाला असलेली, जेमतेम विशीची मुलगी पळून त्यांच्या दुकानात आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. सासूबाई आलेल्या होत्या, मला ताप होता. मी म्हटलं, "चाचा, आत्ता नाही जमणार हो."

"बरं ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी स्वतः तिला दूतावासात नेऊन सोडलं. तिथे तिच्या राहायची सोय झाली. ऐकून मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, आणि मी कूस बदलून पुन्हा झोपले.