माशिमांच्या झाडाविरुद्धची तक्रार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही, आईलाही नाही. आता तुम्हाला लिहून सांगायला बसले आहे, आणि तरी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. झाडापासून करू? झाडाबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

कोलकात्यात, बालीगंजच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. मागे छोटंसं अंगण, अंगणाच्या कडेने उघडं गटार, मग भिंत. भिंतीपलीकडे माशिमा राहायच्या; बंगालीत माशिमा म्हणजे मावशी. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्याच. त्यांचं कांचनाचं झाड होतं, आणि ते निम्मं आमच्या अंगणावर झुकलेलं होतं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं की हा आपटाच. पान तसंच जोडपान, फक्त खूप मोठं. पुढे वर्गात शिकल्यावर मी त्यांना सांगितलं की हा आपटा नव्हे. तर म्हणाले, "असू दे गं. एवढ्या लांब आलाय, वाढला असेल थोडा."

दर दसऱ्याला ते भिंतीशी जाऊन माशिमांकडे रीतसर पानं मागायचे. माशिमा बंगाली वळणाच्या हिंदीत चिडवायच्या, "शिंदेबाबू, पूरा साल तो मुफ्त में गिरता है, आज माँगने आए?" आप्पा लाजून हसायचे. वर्षभर अंगणात पडणाऱ्या त्या पानांबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. रोज सकाळी झाडायचे आणि कामाला जायचे.

आप्पांचं काम गलाईचं. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट आणायची, जाळायची, धुवायची, आणि तिच्यातून सोन्याचे कण काढायचे. दुकानात उरलेली राख ते कधीकधी घरी आणत. आई ती अंगणात परातीत पुन्हा एकदा धुवायची, एखादा कण राहिला असेल म्हणून. मागे उरायचा करडा गाळ. तो बादलीत भरून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकायचा, हे काम माझं. बारावीपर्यंत मी ते मुकाट केलं.

मग मी कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेज पाहणारी पहिलीच मी. एका सकाळी बादली घेऊन जाताना माझ्या वर्गातली एक मुलगी कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी होती. माझे हात कोपरापर्यंत करडे झालेले. तिने पाहिलं. हसलीसुद्धा नाही. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी गाळ मागच्या गटारात ओतायला लागले. वर तांब्याभर पाणी — आणि त्यावर माशिमांच्या झाडाची दोन ओंजळी पानं. कुणाला दिसू नये म्हणून. पानं मी मुद्दाम टाकायचे. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

वर्षभर असं चाललं. तो गाळ बसला की दगड होतो, हे मला ठाऊक नव्हतं का? मी गलाईवाल्याची मुलगी. ठाऊक होतं.

त्या पावसाळ्यात गटार तुंबलं. पाणी साचून राहिलं, डास झाले, आणि आईला डेंग्यू झाला. आठ दिवस ती हॉस्पिटलात होती. आप्पा कामाच्या कपड्यांतच वॉर्डाबाहेर बाकावर बसून असायचे. ती घरी आली त्या दिवशी ते मागे जाऊन गटाराकडे बघत राहिले. म्हणाले, "तुंबलं कशानं हे?"

मी म्हणाले, "पानांनी."

तेव्हा सांगता आलं असतं ना? तिथेच, गटाराच्या काठावर?

आमच्या घरमालकाचं माशिमांशी भिंतीवरून जुनं वाकडं होतं. तो म्हणाला, महापालिकेत लेखी तक्रार द्या. आप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी लिहायला बसले. आप्पांनी स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि मागे उभे राहिले. किती अभिमानाने उभे होते! मी फार चांगलं लिहिलं. वारंवार विनंती करूनही शेजारीण पालापाचोळा उचलत नाही, असं लिहिलं. आप्पांनी आयुष्यात तशी विनंती केली नव्हती. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस?" मी म्हणाले, "झालं तेच." त्यांनी खाली मराठीत, एकेक अक्षर जपून, सही केली.

माशिमांना नोटीस गेली. मग आमच्याकडे झुकलेल्या फांद्या तोडाव्यात म्हणून घरमालकाच्या वकिलाने प्रकरण कोर्टात नेलं. दुसऱ्या तारखेला माशिमा कोर्टाच्या व्हरांड्यात आप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वकील दिला नव्हता. हातात नुसती कापडी पिशवी. म्हणाल्या, "शिंदेबाबू, आप बोलिए. सच में मेरा पत्ता से हुआ?"

आप्पा म्हणाले, "मेरी बेटी ने लिखा है, माशिमा. कॉलेज में पढ़ती है. वो झूठ नहीं लिखेगी."

माशिमांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाईलची दोरी सोडली, पुन्हा बांधली. त्यांनी वाट पाहिली — अजून आठवतं, चांगलीच वाट पाहिली. मग वकिलाला म्हणाल्या, फांद्या कशाला, पूरा काट दीजिए. आणि दिलेल्या कागदावर सही करून गेल्या.

झाड तोडायला दोन दिवस लागले. आप्पांनी मागचं दार लावून घेतलं होतं. काही महिन्यांनी माशिमा घर बंद करून न्यू टाउनला भाच्याकडे राहायला गेल्या.

पुढच्या पावसात गटार पुन्हा तुंबलं. आता तर एक पानही पडत नव्हतं. माणूस बोलावला. त्याने पहार घातली तर करड्या ढेपा निघायला लागल्या. आप्पांनी एक उचलली, चुरली, तळहातावर अंगठ्याने घासून पाहिली. दुकानात पाहतात तशी. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी दारात उभी होते. आता ते ओरडतील म्हणून मी थांबले होते. ते त्या माणसाला एवढंच म्हणाले, "सब निकालो." मग नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले.

त्या रविवारी ते धुतलेला सदरा घालून सकाळीच बाहेर पडले. कुठे गेले होते ते संध्याकाळी आईकडून कळलं. ती पोळ्या लाटत होती, आणि गोंधळलेली होती.

"न्यू टाउनला गेले होते तुझे आप्पा, माशिमांकडे. त्यांना म्हणाले, गाळ मीच ओतत होतो गटारात. पोरीला काही ठाऊक नव्हतं, मी सांगितलं तसं तिनं लिहिलं. मला तर कधी ओतताना दिसले नाहीत गं. तुला दिसले होते?"

मी पाण्याचे पेले भरायला घेतले.

"माशिमांनी चहा दिला म्हणे. आणि तुला निरोप दिलाय, मन लावून शीक म्हणून."

मी "बरं" म्हणाले. आप्पा आधीच ताटावर बसले होते, मान खाली घालून. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी भाजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मी वाढून घेतली, आणि जेवले.