तांबडी पाठराखीण

अजूनही कोळशाच्या धुराचा वास आला की मला झोप येते. सगळ्यांना ठसका लागतो आणि माझे डोळे मिटतात. त्या मिटल्या डोळ्यांपुढून शहाद्याची सर्व्हिस मोटार जाते, आणि तिच्यामागे धुळीत धावणारी आमची तांबडी कुत्री.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची उंच टाकी बसवलेली असे. त्या धगीवर मोटार चाले. चाले म्हणजे काय, रांगे. चढ आला की धापा टाकून थांबायचीच. मग ड्रायव्हर खाली उतरून लोखंडी सळईने कोळसे ढोसायचा आणि उतारू खाली उतरून पाय मोकळे करायचे. अशा मोटारीतून मी ब्राह्मणपुरीहून नंदुरबारला सासरी निघाले.

नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरचं कुणीतरी तिच्या सोबतीला जातं. ती पाठराखीण. नवरी रुळेपर्यंत राहायचं आणि मग परत यायचं. माझ्यासोबत चुलत बहीण यायची होती, पण ऐन वेळी ती तापाने फणफणली. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, घराघरांत कापूस वेचणीची घाई. बैलगाडीने शहाद्यापर्यंत सोडायला भाऊ आला आणि गाडीच्या सावलीतून चालत कुत्री आली. पिल्लू असताना ती माझ्याच ओच्यात वाढलेली. तिला घरी बांधून ठेवायला कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी मुद्दामच आठवण केली नाही.

मी मोटारीत चढले तशी तीही चढली. ड्रायव्हर खेकसला, "उतार तिले! कुत्राले मोटारमा जागा नही." भावाने तिला उचलून खाली घेतलं. मोटार हलली. पदराआडून मला एवढंच दिसलं की ती त्याच्या हातातून निसटली.

पुढचं सगळं मला स्वप्नात घडल्यासारखं आठवतं. दोन्हीकडे पांढरी शेतं, लांब सातपुडा निळा पडलेला, मोटार डुलतेय, आणि मागच्या धुळीत एक तांबडा ठिपका लहान होत जातोय. मी मनात म्हणत होते, थांब बाई आता, नाहीतर देवा, मोटार तरी थांबव. आणि मोटार खरंच थांबली! कोळसे ढोसून होईतो कुत्री येऊन पोचली आणि जीभ बाहेर काढून माझ्या खिडकीखाली बसली. मोटार निघाली की ही मागे. चढ आला की ही पुन्हा खिडकीखाली. उतारूंना मजा वाटायला लागली. एका म्हातारीने भाकरीचा तुकडा टाकला, पण कुत्रीने तो हुंगलासुद्धा नाही. पुढच्या खेपेला ती लंगडत आली. तेव्हा मला राहवेना. पण नव्या नवरीने तोंड उघडायचं कसं?

माझा नवरा शेजारीच बसला होता. तोवर त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तो खाली उतरला आणि ड्रायव्हरला अगदी गंभीरपणे म्हणाला, "दादा, ती कुत्री नही. आमनी पाठराखीण शे."

सगळी मोटार हसली. ड्रायव्हरही हसला, कपाळावरची काजळी पुसत म्हणाला, "पाठराखीण शे तं मंग बसाड भो." नवऱ्याने तिला उचलून माझ्या पायाशी ठेवली. शालूवर धुळीचे पंजे उमटले. हा माणूस मला त्या क्षणी आवडला. लग्न त्याआधी लागलं होतं, एवढंच.

प्रकाशाला तापीवर तेव्हा पूल नव्हता. नावेने पलीकडे जायचं आणि दुसरी मोटार धरायची. नावेत तिने माझ्या मांडीवर मान टाकली. पाणी संथ होतं, देवळांच्या सावल्या त्यात हलत होत्या, आणि ही नाव पलीकडे कधी लागूच नये असं मला वाटत होतं. पलीकडच्या मोटारीत तर नवऱ्याने कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "पाठराखीण शे."

सासूबाईंनाही त्याने तेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "पाठराखीण शे ना? मंग पाठराखीणमायक ऱ्हाई, आनि तिनामायकच परत जाई." पाठराखिणीसारखं राहायचं आणि तिच्यासारखंच परत जायचं, असं ठरवून त्यांनी कोपऱ्यात एक मातीचं परळ मांडलं. तिला दूधभाकर वेळेवर मिळे, माझ्याआधी. मला मात्र त्या 'ब्राह्मणपुरीवाली' म्हणून हाक मारत. रात्री परक्या घराच्या अंधारात मी हात खाली सोडायची आणि ओलं नाक हाताला लागायचं. तिच्या अंगाला अजून मोटारीतल्या कोळशाच्या धुराचा वास असायचा. मग झोप यायची.

काही दिवसांनी भाऊ पाठराखिणीला न्यायला आला. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे. शब्द त्याचाच होता, आता तो बोलणार काय! सासूबाईंनी रीत अजिबात चुकवली नाही. कुत्रीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात हिरवा खण बांधला आणि मोटारीपर्यंत स्वतः आल्या. कुत्री आपणहून चढली. बाकाखाली बसली आणि शेजारी माझ्यासाठी जागा सोडून वाट बघू लागली. मोटार हलली तरी ती दाराकडेच बघत होती. मला सासूबाईंचा राग आला. खूप आला. आईवडिलांना सोडताना मी रडले नव्हते, ते सगळं त्या धुरात रडून घेतलं.

मग उन्हं तापली. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी आली. आखाजीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरून मुराळी येतो. मी सकाळपासून दारात. मोटारीचा धूर दिसला, भाऊ उतरला, आणि त्याच्या पायांमधून ती! गळ्यात तोच खण, उन्हाने विटलेला.

"घर सोडतासोडता पायातच घुसनी," भाऊ ओशाळून म्हणाला. "मीच म्हंतं, येऊ दे मुराळी म्हनीसन."

सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. मुराळ्याच्या पायांवर पाणी घालायची रीत. त्यांनी भावाच्या पायांवर पाणी घातलं. मग वाकल्या आणि कुत्रीच्या चारही पायांवर घातलं. आत जाऊन फळीवरून मातीचं परळ काढून आणलं. मला वाटलं होतं, ते केव्हाच फेकलं असेल. ते धुऊन पालथं घालून ठेवलेलं होतं.

जेवणं झाली, मी बोचकं उचललं. सासूबाई उंबऱ्यात बसून कुत्रीच्या कानामागे खाजवत होत्या. आम्हा कुणाकडेही न बघता त्या तिलाच म्हणाल्या, "आखाजी सरनी का मन्ही सूनले परत लई ये. तुले सांगस मी, याले नही. आनि मंग तू बी आठेच, आमना घरमाच ऱ्हाय."

मी वाकून त्यांच्या पाया पडले. कपाळाला त्यांचे पाय लागले आणि गालाला ओलं नाक.