टेबलाचा उतार

हिरव्या कापडावर दिवे उजळले आणि बाकांवरची कुजबुज थांबली. वेल्सच्या त्या दरीतल्या खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या, पण खाणकामगारांच्या क्लबातलं स्नूकरचं टेबल चालू होतं. आज मात्र खेळ नव्हता. आज टेबलाचीच चौकशी होती.

फिर्यादी होता क्लबच्या स्नूकर संघाचा कप्तान, एम्लिन प्रॉसर. हल्ली त्याचा प्रत्येक चेंडू पॉकेटच्या डाव्या ओठावर आपटून परत येई. "टेबल डावीकडे उतरलंय," असं तो भर सभेत म्हणाला होता, आणि वर हेही, की "इद्रिसचा हात म्हातारा झालाय. कापडावर इस्त्री वाकडी फिरवतो."

इद्रिस बेनन टेबल राखायचा. ब्रश मारून, इस्त्री फिरवून त्याने ते कापड लेकीसारखं जपलं होतं. त्या सभेनंतर त्याने इस्त्री हातात धरली नव्हती.

खरं काय ते एम्लिन जाणून होता. त्याचा नेम उजव्या डोळ्यावर, आणि डावा मिटला की हातातला क्यू, खेळायची ती काठी, मधोमध वाकलेला दिसे. लाल चेंडूच्या जागी नुसता डाग. पण डोळा गेला म्हणजे कप्तानपद गेलं. त्यापेक्षा टेबल वाकडं असलेलं बरं.

कार्डिफहून आलेल्या, स्नूकरची टेबलं बसवणाऱ्या कारागिराने टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. चारही कोपऱ्यांत तेच. मग त्याने एक चेंडू हलकेच सोडला. तो रेघ ओढल्यासारखा सरळ गेला.

"कापड तर झकास ठेवलंय," कारागीर म्हणाला. "कोण बघतं?"

सगळ्यांच्या नजरा इद्रिसकडे वळल्या.

"म्हणजे आपली दरीच कलली म्हणायची," बाकावरून संघातला ग्लिन म्हणाला. "कप्तान, घरी पलंगावरून पडत नाहीस ना रे?"

हशा पिकला. त्या हशात एम्लिनला अलगद निसटता आलं असतं. पण इद्रिस हसत नव्हता. टोपी हातात धरून तो जमिनीकडे बघत होता. एम्लिनचे कान तापले. त्या दिव्यांखाली माणसाला लपायला जागा नसते.

"टेबल ठीक आहे," तो म्हणाला. "माझा उजवा डोळा गेलाय."

हशा विरला. इद्रिसने मान वर केली.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"नाताळापासून. सभेत तुझं नाव घेतलं ना, इद्रिस, तेव्हाही ठाऊक होतं."