बाथटबमधला चीक

आम्ही हॉटेलात राहायला गेलो तेव्हा तिथल्या बाथटबचा पहिला लाभ आमच्या घरातून गव्हाच्या चिकाला झाला.

याला कारण माझी नणंद. ती पुण्याला असते आणि वर्षातून दोनदा कुठल्या तरी रिसॉर्टवर जाऊन येते. मागच्या उन्हाळ्यात परत आल्याबरोबर तिने मला फोन केला. म्हणे, वहिनी, तिथे मी साधा चमचासुद्धा उचलला नाही! मी इकडे कूलरसमोर बसून लसूण सोलत होते. माझं डोकं फिरलं. मी त्याच दमात सांगून टाकलं की आम्हीही चाललोय, आणि मीही दोन दिवस पळी, सराटा, चमचा कशाला म्हणून हात लावणार नाही. फोन ठेवल्यावर नवऱ्याला ही बातमी दिली. हे हिंगण्याच्या एका कारखान्यात आहेत, सुट्टी मिळाली तर दोनच दिवसांची. मग इथलंच, नागपूरच्या सीताबर्डीवरचं एक मोठं हॉटेल ठरलं. (सीताबर्डीला आम्ही एरवी चपला आणि पडद्याचं कापड घ्यायला जातो.) बाथटब असलेलीच खोली हवी, एवढी एक अट यांनी घातली. यांना आयुष्यात एकदा बाथटबमध्ये पाय पसरून पडायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी पाहते तर स्वयंपाकघरात पातेलंभर चीक. सासूबाईंनी तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून ठेवले होते. कुरडयांसाठी गहू घालताना त्या कुणाच्या सुट्ट्या विचारत नाहीत. आता हा चीक रात्रभर न हलता खाली बसणार, सकाळी वरचं पाणी काढून तो लगेच शिजवायचा, नाहीतर मे महिन्यात त्याचं काय होतं ते सांगायला नको. त्यातून हा गहू बन्सी, उमरेडहून त्यांच्या भावाने पाठवलेला, आणि तेवढाच होता. तो गेला म्हणजे वर्षाच्या कुरडया गेल्या. या कुरडयांचा मोठा डबा दरवर्षी पुण्याला, याच नणंदेकडे जातो, हे वेगळं सांगायला नकोच.

यांनी सुचवलं की पातेलं शेजारच्या काकूंकडे ठेवू.

"ते बाई?" सासूबाई म्हणाल्या. "तिच्या कुरडया मांगच्या साली लाल पडल्या. तिच्या हाती माहा चीक देऊ काय?"

तेव्हा पातेलं आमच्याबरोबर निघालं. ऑटोमध्ये ते सासूबाईंच्या मांडीवर, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ऑटोवाल्याचा उद्धार. हॉटेलच्या दारात सामान तपासायचं यंत्र होतं. पातेलं त्यात घालायला सासूबाईंनी साफ नकार दिला. पिशवी मात्र गेली, आणि यंत्र ओरडायला लागलं. पडद्यावर एक जाड नळकांडं, वर दांडा. चार रखवालदार गोळा झाले. पिशवीतून सासूबाईंचा पितळी सोऱ्या निघाला. त्यांनी तिथेच हवेत दांडा फिरवून कुरडई कशी पाडतात ते सगळ्यांना दाखवलं. मागे सूटबूट घातलेल्या लोकांची रांग लागली होती. मी आपली छताचं झुंबर पाहत राहिले.

खोलीत गेल्यावर प्रश्न आला की पातेलं ठेवायचं कुठे. टेबल डुगडुगत होतं, गालिच्यावर कुणाचा पाय लागला असता. सासूबाईंनी सगळी खोली हिंडून पाहिली आणि बाथटब पसंत केला. सपाट, गार, आणि दार लावून घेता येतं! यांनी एकदा केविलवाण्या नजरेने पातेल्याकडे पाहिलं आणि बेसिनवर हातपाय धुतले.

आता चिकाच्या वासाबद्दल. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना तो वास आंबूस लागतो, त्यात थोडी माया असते. ज्यांच्या घरी होत नाहीत त्यांना तो काय लागतो, हे संध्याकाळी कळलं. समोरच्या खोलीतल्या गृहस्थांनी तक्रार केली. मॅनेजर स्वतः आला, दारातच नाक आक्रसलं आणि हात जोडले. ड्रेनेजचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतो, म्हणाला, आम्ही फार दिलगीर आहोत. खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला की सगळ्यात वरच्या मजल्यावरची बड्या पाहुण्यांची खोली रिकामी आहे, तिथे आपली सोय करतो. मी तोंड मिटलं.

ती खोली कसली, आमच्या घरापेक्षा मोठं घरच होतं. दोन टीव्ही, मोठा सोफा, आणि आधीच्या दुप्पट बाथटब. (यांचा चेहरा उजळला, पण सासूबाई टॉवेलखाली झाकलेलं पातेलं घेऊन आधीच आत गेल्या होत्या.) मी सोफ्यावर पाय टाकून नणंदेला फोटोवर फोटो पाठवले. तासाभरात मॅनेजर पुन्हा आला, या वेळी फळांची परडी आणि एक प्लंबर घेऊन. दारात पाऊल टाकताच तो थबकला. ड्रेनेज लिफ्टने वर आलं असावं, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. प्लंबर सरळ बाथरूममध्ये गेला आणि त्याने टॉवेल उचलला.

"हात नको लावू बापा," सासूबाई मागून म्हणाल्या. "चीक बसून राहिला."

मॅनेजरने प्लंबरला बाहेर पाठवलं. मग त्याने अगदी सभ्य शब्दांत सांगितलं की हे खोलीत ठेवता येणार नाही, टाकून द्यावं लागेल. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. यांनी परडीतलं सफरचंद हळूच परत ठेवलं. सासूबाई मात्र टबाच्या काठावर बसल्या.

"फेका," त्या म्हणाल्या. "पन पुन्याले माह्या पोरीले फोन तुमीच करा. सांगा तिले, यंदा कुरडया नाही म्हनून."

मॅनेजरने खरंच फोन काढला, पण पुण्याला नाही, खाली स्वयंपाकघरात लावला. मुख्य आचारी वर आला. धिप्पाड माणूस, डोक्यावर उंच टोपी. त्याने वाकून पातेल्यात बोट बुडवलं आणि वास घेतला.

"बन्सी हाय का जी?" त्याने विचारलं.

सासूबाई हौ म्हणाल्या.

"माही माय गेल्यापासून आमच्या घरी चीक झाला नाही जी," तो म्हणाला आणि मॅनेजरकडे वळला. पुढचं दोघांचं बाहेर जाऊन ठरलं. रात्री पातेलं टबातच राहिलं.

सकाळी आमची वरात हॉटेलच्या स्वयंपाकघरात. आमचं पिंप मावेल एवढी कढई, खाली भडाभडा आच. सासूबाईंनी वरचं निवळलेलं पाणी काढलं, आधणात मीठ पडलं, चीक पडला. आचाऱ्याचा एक मदतनीस ढवळत होता. मी माझी शपथ आठवून हात बांधून लांब उभी. पण चीक घट्ट व्हायला लागला तसा तो मदतनीस बिचारा दमला, हात मंदावला, आणि कडेला पहिली गाठ धरू लागली. एवढी एक गाठ, की सगळी कढई वाया. बन्सी गहू वाया, पुण्याचा डबा वाया! मी "सरका" कधी म्हणाले आणि तो हातभर लांब सराटा माझ्या हातात कधी आला, मला कळलंच नाही. घामाने मी निथळत होते, हात भरून आले होते, पण थांबले नाही. चीक चकचकीत झाला, काचेसारखा. मला तर नाचावंसं वाटलं.

सासूबाईंनी ओला हात लावून पाहिला. लग्न होऊन आल्यापासून माझ्या चिकात त्यांना दरवर्षी गाठ सापडत आली आहे. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"एक बी गाठ नाही वं," त्या म्हणाल्या. मला रडूच आलं. धुराचं नाव सांगायची सोय नव्हती, तिथे गॅस होता.

थोडा चीक गरम दूध-साखर घालून नाश्त्याला मांडला. त्यासाठी रांग लागली. आदल्या दिवशी वासाची तक्रार करणारे गृहस्थ वाटी घेऊन दुसऱ्यांदा आले. उरलेल्याच्या कुरडया गच्चीवर, हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर पडल्या. नागपूरचं ऊन, संध्याकाळी निघेपर्यंत कडकडीत वाळल्या. पातेलं रिकामं झाल्यावर हे टबात शिरले ते जेवायलाच बाहेर आले.

दरम्यान यांनी माझा एक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता: अंगात एप्रन, डोक्यावर आचाऱ्याची उंच टोपी, हातात सराटा. खाली नणंदेने विचारलं होतं, वहिनी, तू तिथे नोकरीला लागलीस का?  उत्तरादाखल मी कुरडयांचा डबा पाठवला. तो पोचल्यावर तिचा फोन आला की इतक्या पांढऱ्या, फुलणाऱ्या कुरडया आजवर झाल्या नव्हत्या.

यंदा मे महिना लागला तशा सासूबाई माझ्याकडे आल्या. "सुनबाई, गहू कधी भिजू घालू वं? हाटेलवाल्याले इचारून सांग."

मी लगेच फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं की मॅडम, कशी खोली हवी? मी म्हटलं, खोली कोणतीही द्या हो, मोठी कढई कोणत्या दिवशी मोकळी आहे ते सांगा.