कडूबांचं दार

कडूबांनी तीस वर्षं चितेगावच्या एका कारखान्यात बसगाड्या बांधल्या. त्यामुळं खोक्यातले भाग जुळवून करायच्या छोट्या शोभेच्या बसचं तोंड खऱ्या बसपेक्षा चुकलेलं दिसलं की त्यांचं टाळकं सरकायचं. निवृत्तीनंतर ते घरीच साच्यात रेझिन ओतून अगदी खऱ्या बससारखे बदली भाग करू लागले. सून सुरेखानं ते ऑनलाइन विकायला ठेवले आणि पार कोलकात्याहून मागणी आली.

एके दिवशी मिहिर नावाचं गिऱ्हाईक छोटी बस घेऊन तणतणत घरी आलं.

"काका, तुमचं दार वरच्या कोपऱ्यात लागत नाही. खोक्यातलं कंपनीचं चुकीचं होतं, पण लागत तरी होतं."

कडूबांनी चष्मा चढवून ते दार मायेनं न्याहाळलं.

"आमच्या एकाबी गाडीचं लागलं नाय," ते म्हणाले. "तीस वर्षं मीच बसवत व्हतो."