तह मोडणारा राजा

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या ताईला राज्यं जिंकायचा भारी नाद. जुन्या राजांच्या लढायांचा एक कॉम्प्युटर गेम ती आणि तिचा धाकटा भाऊ कॉलेजपासून खेळत आले होते. पुढे भाऊ तो गेम बनवणाऱ्या कंपनीतच लागला. आता दुसरा भाग आला होता आणि तो शेजारी बसून, नखं खात, तिचा खेळ बघत होता.

थंडीत नदी गोठली आणि तिचं सैन्य बर्फावरून पलीकडे गेलं, तेव्हा ताई हरखून गेली. पण शेजारच्या राजाने तह केला आणि काही कारण नसताना मोडला. पुन्हा केला, पुन्हा मोडला. खोटं बोलावं तर भाऊ ओळखणार, खरं बोलावं तर दुखावणार.

"कसा वाटला?"

"नदीला तोड नाही रे. पण हा राजा डोक्यावर पडलाय का?"

भावाचा चेहरा उतरला. "तो मीच बनवलाय, ताई."

तिने जीभ चावली. त्याने खुर्ची जवळ ओढली. "कुठे बिनसलं ते दाखव. ऑफिसात सगळे नुसतं छान छान म्हणतात, त्यानेच माझी झोप उडालीय."

ताईने पुन्हा तह केला. राजाने तो मोडताच तिने पडद्यावर बोट ठेवलं.