तिसरा कौल

आमच्या पेडण्यात मोठा निर्णय घरचा कर्ता घेत नाही, ग्रामदेव घेतो; निदान सांगताना तसं सांगतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो, आपल्या वतीनं गाऱ्हाणं घालतो आणि आपण टक लावून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. फार सोयीची पद्धत आहे. कुणाचे हात म्हणून मळत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीनं खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं. तो आमच्या जातीतला नव्हता. वर्षभरानं तिनं डिचोलीहून निरोप पाठवला, चवथीच्या गणपतीला घरी येऊ का? आई तिच्यासाठी झुरत होती. माझं मात्र लग्न ठरत आलं होतं, आणि ही भानगड मुलीकडच्यांच्या डोळ्यांसमोर नको, एवढीच माझी काळजी. मी म्हटलं, कौल लावू.

पहिल्यांदा उजवी पडली. मी म्हणालो, वारा आला. गुरवानं पुन्हा लावला. पुन्हा उजवी. मी म्हणालो, गाऱ्हाणं नीट घातलं नाही. गुरवानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पाकळ्या भिजवल्या. तिसऱ्यांदा डावी पडली, तसा मी हात जोडून उठलोच.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिला गाठलं.

"आमी काय करतले? देवच नको म्हणता," मी म्हणालो.

"खरांच देवान नाय म्हटल्यान, दादा?"

"होय."

तिनं आईसाठी घेतलेलं लुगडं माझ्या हातात दिलं. कुणी दिलं ते मी आईला सांगितलं नाही.

पुढे मनाची समजूत घालायची सवय झाली. तिसरा कौलही देवाचाच होता ना? मी तिला हाकललं नाही, शिवी दिली नाही. माझ्यापेक्षा वाईट भाऊ गावात कितीतरी होते.

आई गेली तेव्हा ती धावत आली आणि अंगणातच थांबली. मला भडभडून आलं.

"आत ये गो," मी म्हणालो.

"नको दादा. देवाचो शबुद मोडून मी आत इलंय, तर तुझ्या पोरांबाळांक बाधा येतली."

तिनं माझ्या शब्दावर इतका विश्वास ठेवला होता. कौल तीनदा लावला होता, एवढंच मला म्हणायचं होतं. पण अंगणात सगळा गाव जमला होता. आईला बाहेर आणलं तेव्हाच तिनं तोंड पाहिलं, आणि ती गेली ती पुन्हा आली नाही.

आता बायको नाही, मुलं परदेशात. चवथीला एवढ्या मोठ्या घरात मी एकटाच आरती म्हणतो आणि माझाच आवाज मला नकोसा होतो. शेजारी विचारतात, बहीण येत नाही का?

मी सांगतो, मी तर आत बोलावलं होतं, तीच आली नाही.